जखमी जवानांच्या पुनर्वसन केंद्राचा आराखडा निसर्गाला धरून कसा आखावा

जखमी सैनिकांच्या पुनर्वसनाशी पुण्याचा संबंध जुना आहे. येथे १९४४ साली लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले, आणि १९७४ पासून खडकीचे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर मज्जारज्जूला इजा झालेल्या जवानांना निवास, उपचार आणि उद्योग देत आले आहे. अशा प्रकारचे नवे केंद्र बांधणाऱ्या किंवा जुनी इमारत सुधारू पाहणाऱ्या वास्तुरचनाकारांसाठी, अभियंत्यांसाठी आणि विश्वस्तांसाठी ही मार्गदर्शिका लिहिली आहे. हवामानाचे आणि झाडांचे तपशील पुणे परिसराचे आहेत; कोकणात किंवा विदर्भात बांधणाऱ्यांनी ते तिथल्या ऊन-पावसाप्रमाणे बदलून घ्यावेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी. इमारत पूर्ण झाल्यावर उरलेल्या जागेत हिरवळ लावली, चार कुंड्या मांडल्या आणि कारंजे बसवले, तर बाहेरून येणाऱ्या पाहुण्याला ते छान दिसते. परंतु जो जवान पालथा झोपून आहे, ज्याला कमरेखाली स्पर्श कळत नाही किंवा जो नव्या पायावर पहिली पावले टाकत आहे, त्याच्यापर्यंत त्यातले फारसे काही पोहोचत नाही. म्हणून प्रत्येक झाड, खिडकी आणि वाट जखमी शरीराच्या मापाने तपासावी लागते. मी एका बागेत जुन्या झाडाभोवती बांधलेला सुंदर गोल पार पाहिला होता. पारावर भेटीला आलेले नातेवाईक सावलीत बसले होते, आणि ज्यांना ते भेटायला आले होते ते दोघे जण चाकांच्या खुर्च्यांवर पाराबाहेर उन्हात होते. पाराच्या कड्यात दोन ठिकाणी १ मीटर रुंदीची खाच ठेवून तिथली जमीन वाटेच्या पातळीला आणली असती, तर सगळेच एकाच सावलीत, खांद्याला खांदा लावून बसले असते.

रेखाटनापूर्वीचे काम

कागदावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी केंद्रात कोण राहणार आहे याची नोंद करावी. मज्जारज्जूची इजा, अवयवच्छेद, मेंदूला मार, दृष्टी जाणे आणि युद्धाचा मानसिक आघात या पाच अवस्थांच्या गरजा वेगळ्या असतात आणि काही ठिकाणी त्या परस्परविरोधीही असतात. अंध जवानाला वाटेची उंच कड हवी असते, कारण काठीने ती चाचपता येते. तीच कड चाकाच्या खुर्चीला अडवते. असे विरोध बांधकाम सुरू झाल्यावर नव्हे, तर आधीच, त्या त्या जवानांना आणि फिजिओथेरपिस्टना एकत्र बसवून सोडवावेत.

त्यानंतर आराखडा करणाऱ्या प्रत्येकाने मे महिन्यातली एक संपूर्ण दुपार आणि जुलैमधली एक पावसाळी सकाळ चाकाच्या खुर्चीवर त्या जागेवर काढावी. कोणता उतार दमवतो, कोणत्या दांड्याचा चटका बसतो, कुठे चाक रुतते आणि कुठून फक्त भिंतच दिसते, हे त्या दोन दिवसांत जितके कळते तितके कोणत्याही नियमावलीतून कळत नाही.

जवानांना त्यांच्या गावाबद्दलही विचारावे. केंद्रात गढवालचा, नागालँडचा, केरळचा आणि साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावातला माणूस शेजारी शेजारी राहू शकतो. देवदार पुण्यात रुजणार नाही. पण जोंधळ्याचा एक पट्टा, केळीची चार रोपे किंवा अबोलीचा वाफा सहज देता येतो.

खाटेवरून काय दिसते

वॉर्डच्या बाबतीत आधार म्हणून एक जुना अभ्यास उपयोगी पडतो. रॉजर उलरिच यांनी १९८४ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियामधल्या एका रुग्णालयातील पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या २३ जोड्यांची तुलना प्रसिद्ध केली. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. ते रुग्ण सैनिक नव्हते आणि त्यांचा मुक्काम आठवड्याभराचा होता, हे मी मुद्दाम सांगतो. या एका अभ्यासावरून जखमी जवानांबद्दल मोठे दावे करू नयेत. तरीही आठवड्याभरात जर फरक दिसतो, तर जिथे माणूस महिनोन्महिने, कधी कधी आयुष्यभर राहतो, तिथे खिडकीचा विचार शेवटी करून चालणार नाही, एवढे म्हणायला हरकत नाही.

मज्जारज्जूच्या रुग्णाला शय्याव्रण, म्हणजे एकाच जागी सतत दाब पडून होणारी जखम, होऊ नये म्हणून ठरावीक वेळाने कुशीवर वळवावे लागते. लुडविग गुटमन यांनी १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे जखमी सैनिकांसाठी विभाग सुरू केला, तेव्हा त्यांनी दर दोन तासांनी कूस बदलण्याची शिस्त घालून दिली. आराखड्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की खिडकी एकाच बाजूला असेल तर माणसाचा अर्धा दिवस भिंतीकडे तोंड करून जातो. शक्य असेल तिथे खाट अशी लावावी की एका कुशीवर बाग आणि दुसऱ्या कुशीवर चौक दिसेल. आपल्या वाड्यांचा मधला चौक इथे फार कामाचा आहे, कारण त्यामुळे दोन्ही बाजूंनी उजेड आणि वारा मिळतो. वाड्याचे उंबरे, जोते आणि दगडी पायऱ्या मात्र बाहेरच ठेवाव्यात.

खिडकीची तळकड जमिनीपासून ६०० मिलिमीटरपेक्षा वर नसावी. चाकांच्या ट्रॉलीवर पालथे झोपून फिरणाऱ्या जवानाची नजर समोर आणि किंचित खाली असते, म्हणून ओसरीच्या कठड्याला भरीव भिंत न घालता गजांचा कठडा करावा आणि त्यापलीकडे मोगऱ्यासारखी बुटकी झुडपे लावावीत. उताण्या माणसाला दिवसभर छतच दिसते. फिनलंडमधील पायमिओ येथील १९३३ च्या क्षयरोग्यांच्या इमारतीत आल्वार आल्टो यांनी ही गोष्ट ओळखली होती आणि झोपलेल्या माणसाचा विचार करून छताला डोळ्यांना शांत वाटणारा गडद रंग दिला होता व दिवे नजरेआड ठेवले होते. आपल्याकडेही खाटेच्या थेट वर ट्यूबलाइट नको.

खाटच बागेत नेता यावी, ही याहून मोठी सोय आहे. मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी ब्रिटनमधील सॉल्सबरी येथे २०१२ साली पहिले होरेशिओज गार्डन उभे राहिले आणि २०१८ साली स्टोक मँडव्हिललाही तशी बाग झाली. त्या बागा खाट आणि चाकाची खुर्ची सहज फिरेल अशा बेताने आखलेल्या आहेत. त्यासाठी वॉर्डच्या एका दाराची मोकळी रुंदी १५०० मिलिमीटर ठेवावी, उंबरा अजिबात ठेवू नये, आणि पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून दाराबाहेर जाळीने झाकलेली उथळ नाली काढावी. जाळीच्या फटी वाटेला आडव्या असाव्यात, नाहीतर खुर्चीची पुढची छोटी चाके त्यात अडकतात.

ऊन

पुण्यात सर्वांत जास्त विचार उन्हाचा करावा लागतो, आणि त्यामागे केवळ आरामाचे कारण नाही. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याहून वर मज्जारज्जू तुटला असेल, तर इजेच्या खालच्या भागाला नीट घाम येत नाही आणि तिथल्या रक्तवाहिन्या तापमानाप्रमाणे आकुंचन-प्रसरण पावत नाहीत. अशा माणसाचे शरीर बाहेरच्या हवेबरोबर तापते. जी दुपार इतरांना फक्त नकोशी वाटते, ती त्याला आजारी पाडू शकते. उलट डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे त्याच भागात हुडहुडीही भरत नाही, म्हणून थंडीतही त्याला जपावे लागते.

सावलीचा हिशेब पुण्याच्या अक्षांशावरून करावा. पुणे सुमारे साडेअठरा अंश उत्तरेला असल्यामुळे मेच्या मध्याला सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. तेव्हापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. म्हणजे सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांत उभी भिंत दुपारी जवळजवळ सावली देत नाही, आणि उत्तरेची ओसरी आपोआप थंड राहील हा समजही अपुरा ठरतो. डोक्यावर आच्छादन हवेच. वॉर्डपासून बागेच्या पहिल्या बसण्याच्या जागेपर्यंतची संपूर्ण वाट छपराखाली किंवा दाट झाडाखाली असावी, ओसरी किमान अडीच मीटर खोल असावी, आणि पश्चिमेला उतरते ऊन व पावसाळी झोत दोन्ही अडवणारी झडप किंवा वेलीची जाळी असावी.

झाडे निवडताना फुलांच्या मोहात पडू नये. बहावा माझा अत्यंत आवडता वृक्ष आहे, पण तो फुलतो तेव्हा त्याची पाने बहुतेक झडलेली असतात, आणि ज्या एप्रिल-मेमध्ये सावली सर्वांत जास्त हवी असते त्याच काळात तो विरळ असतो. गुलमोहराची तीच गोष्ट. शिवाय त्याच्या फांद्या वादळात मोडतात आणि मुळे फरसबंदी उचलतात. त्यांना दूर, खिडकीतून दिसतील असे लावावे. वाटेवरच्या आणि बसण्याच्या सावलीसाठी बकुळ, आंबा आणि कडुलिंब घ्यावेत. कडुलिंबाची पाने साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतात, परंतु ऊन कडक होईपर्यंत नवी पालवी भरून येते. बकुळ सावकाश वाढते, म्हणून तिची मोठी रोपे लावावीत आणि मधल्या काळात बांबूचा मांडव उभारावा. जांभळाची सावली उत्तम असली, तरी फळांच्या दिवसांत त्याखालची वाट निसरडी होते; तो हिरवळीच्या मध्यावर शोभतो.

ज्या त्वचेला कळत नाही

हा भाग बहुतेक आराखड्यांत राहून जातो, आणि मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. कमरेखाली संवेदना नसलेल्या जवानाला चटका, काटा, मुंगी किंवा खरचटणे कळत नाही. जखम रात्री अंथरुणावर कोणी पाहिली तरच लक्षात येते, आणि ती भरायला आठवडे लागतात. म्हणून काळ्या पाषाणाचे आणि पत्र्याचे बाक, उघड्यावरचे स्टीलचे दांडे आणि गडद रंगाची फरशी उन्हात येईल अशी ठेवू नये. बाकाला लाकूड वापरावे आणि कठड्याच्या दांड्यावर लाकडी मूठपट्टी बसवावी. बसण्याच्या जागा आणि टेबले यांच्या कडा गोल घासून घ्याव्यात, कारण खुर्चीवरून बाकावर सरकताना मांडी तिथेच घासली जाते.

वाटेपासून १ मीटरपर्यंत बोगनवेल, बाभूळ, करवंद, निवडुंग आणि काटेरी लिंबूवर्गीय झाडे नसावीत. कण्हेर विषारी आहे, ती संपूर्ण आवारातून वगळावी. गाजरगवताने त्वचेला पुरळ येते, म्हणून ते फुलण्याआधी उपटण्याचे काम माळ्याच्या वेळापत्रकात लिहून ठेवावे. त्याच १ मीटरच्या पट्ट्यात झुडपे घोट्यापेक्षा उंच वाढू देऊ नयेत. साप आणि तांबड्या मुंग्यांची वारुळे वेळीच दिसायला हवीत, कारण चाव्याची जाणीवच होणार नाही असे पाय तिथून जाणार आहेत. उघडी जखम असलेल्या रुग्णांच्या खोल्यांत मातीच्या कुंड्या ठेवू नयेत. मातीतली बुरशी आणि जंतू त्यांना अपाय करू शकतात. त्यांच्यासाठी हिरवाई काचेच्या पलीकडे असावी.

वाट

बागेतील मुख्य वाट १८०० मिलिमीटर रुंद असावी, म्हणजे दोन खुर्च्या समोरासमोरून जाऊ शकतात. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा हा नियम सर्वांना ठाऊक आहे. पण तो कमाल मर्यादेचा नियम आहे, आणि हातांनीच खुर्ची रेटणाऱ्या माणसाच्या दृष्टीने बागेत १:२० इतका सौम्य उतार असावा असा माझा आग्रह आहे. दर ९ मीटरांच्या आत सपाट टप्पा द्यावा आणि तो सावलीत यावा. वळणाच्या प्रत्येक जागी १५०० मिलिमीटरचे मोकळे वर्तुळ ठेवावे. शहाबादी फरशी वापरायची तर तिचा पृष्ठभाग टाचून खरखरीत करून घ्यावा, कारण गुळगुळीत फरशीवर जुलैत शेवाळ धरते आणि कुबडी घसरते. शौचालय बागेच्या काठावरच हवे. मूत्राशयावर ताबा नसलेला माणूस शौचालय दूर असेल तर बागेत जायचेच टाळतो.

कृत्रिम पायाच्या सरावासाठी एक वेगळी वाट आखावी. व्यायामशाळेच्या सपाट लादीवर चालायला शिकलेला जवान सुट्टीवर घरी जातो तेव्हा त्याला बांधावरून, नांगरलेल्या कडेने, ओढ्यावरच्या साकवावरून आणि देवळाच्या उंचसखल पायऱ्यांवरून जायचे असते. म्हणून सुमारे ६० मीटरच्या वाटेवर क्रमाने काँक्रीट, फरशी, दाबलेला मुरूम, गवत, वाळू आणि खडी यांचे तुकडे द्यावेत, एका बाजूला कललेला छोटा भाग ठेवावा, असमान उंचीच्या तीन-चार पायऱ्या आणि एक लाकडी साकव बांधावा. संपूर्ण लांबीला दोन्ही हातांना दांडे असावेत, आणि दर तुकड्यानंतर शेजारच्या सपाट वाटेवर बाहेर पडता यावे, म्हणजे दमलेल्या माणसाला मागे फिरावे लागत नाही. सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पायाच्या ज्या खोबणीत उरलेला पाय बसतो तिथे, घाम साचून कातडी सोलवटते, तेव्हा पाय काढून ठेवून बसण्यासाठी सावलीत पंखा आणि पाण्याचा नळ असलेली एक जागा या वाटेच्या मध्यावर अवश्य असावी.

सावध मन

युद्धाचा किंवा चकमकीचा आघात झालेल्या माणसाला बाग आपोआप शांत वाटेल असे गृहीत धरू नये. दाट झाडीत हल्ला अनुभवलेल्याला दाट झाडीच अस्वस्थ करू शकते, आणि सुरुंगाचा अनुभव असलेल्याची नजर वाटेच्या कडेला नुकत्याच खणलेल्या मातीवर किंवा उघड्या पडलेल्या वायरीवर खिळू शकते. म्हणून ठिबक सिंचनाच्या नळ्या जमिनीखाली न्याव्यात, खोदकाम करायचे असेल तर आदल्या दिवशी सर्वांना सांगावे, आणि वाटेला आंधळी वळणे ठेवू नयेत. बसण्याच्या जागेला पाठीशी भिंत किंवा उंच कुंपण, डोक्यावर छप्पर, समोर मोकळी नजर आणि निघायला दोन वाटा असाव्यात. जो येतो तो दुरूनच दिसला, की माणूस पाठ टेकून बसू शकतो.

आवाज अडवायला झाडांची एक रांग पुरत नाही. त्यासाठी भरीव भिंत किंवा मातीचा उंच बांध लागतो, झाडे त्यावर लावावीत. जनरेटर बागेपासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात न्यावा. मेंदूला मार लागलेल्यांना पट्ट्यापट्ट्यांची सावली त्रास देते, शिवाय जमिनीवरची गडद पट्टी त्यांना पायरीसारखी भासू शकते, म्हणून त्यांच्या वाटेवर उघड्या पट्ट्यांचा मांडव न घालता सलग छप्पर घालावे. वास ओळखीचे आणि सौम्य असावेत. सप्तपर्णीचा उग्र दरवळ काहींचे डोके दुखवतो. पारिजातक आणि सोनचाफा अंध जवानांना वाटेची खूण म्हणूनही उपयोगी पडतात, प्रत्येक वळणावर एकच वास ठेवला तर.

हातांना काम

जवान हा कामाचा माणूस असतो. त्याला बागेत नुसते बसवून ठेवले तर दोन दिवसांत कंटाळतो, आणि त्याच्या हाती खुरपे दिले की तो रोज येतो. त्यासाठी उंच वाफे करावेत. खुर्ची खाली सरकेल अशा वाफ्याखाली ७०० मिलिमीटर मोकळी उंची, वर २०० मिलिमीटर मातीचा थर, आणि एकाच बाजूने हात पोहोचणार असेल तर ६०० मिलिमीटरपर्यंत रुंदी ठेवावी. एवढ्या मातीत मेथी, कोथिंबीर आणि पालक चांगले येतात, आणि तीन-चार आठवड्यांत पीक हाताला लागते. सुरुवातीला असे लवकर येणारेच पीक घ्यावे. या वाफ्यांना सांडपाण्याचे पुनर्वापराचे पाणी देऊ नये. बोटांची ताकद कमी असलेल्यांसाठी खुरप्याच्या मुठीवर जाड रबर चढवावे. केंद्राच्या स्वयंपाकघराने ही भाजी विकत घ्यावी, तिचे वजन आणि पैसे वहीत लिहावेत, म्हणजे वेळ घालवण्यासाठी दिलेले काम अशी भावना राहत नाही.

पाण्याबाबत थोडक्यात. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले मुरलीकांत पेटकर उपचारांचा भाग म्हणून पोहू लागले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक घेऊन आले. म्हणून पैसे मोजकेच असतील तर शोभेच्या कारंज्याऐवजी उतरत्या रॅम्पचा, छपराखालचा तरणतलाव आधी बांधावा. बागेत छोटे टाके केलेच तर त्यातले पाणी वाहते ठेवावे आणि गप्पी मासे सोडावेत, नाहीतर डासांची पैदास होते.

पहिले वर्ष

बांधकामाच्या खर्चातच पहिल्या तीन वर्षांच्या माळ्याचा पगार आणि मेलेल्या रोपांच्या बदलीची रक्कम बाजूला काढावी. पहिल्या पावसाळ्यात, मोठी सर थांबल्यावर, दोन-तीन जवानांना बरोबर घेऊन संपूर्ण वाट फिरावी आणि जिथे पाणी साचले, शेवाळ धरले किंवा चाक अडले तिथे खडूने खूण करावी. मे महिन्यात दुपारी १ वाजता तोच फेरा पुन्हा करावा आणि प्रत्येक बाक व दांडा हाताने चाचपून पाहावा. बाग कोण वापरत नाही, याचीही नोंद परिचारिकेने दर महिन्याला ठेवावी. जो जवान बाहेर येत नाही त्याच्या खाटेपाशी बसून कारण विचारावे आणि पुढची दुरुस्ती तिथून सुरू करावी.